मॅग्नेशियम, निद्रा व वाजीकरण : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

मॅग्नेशियम हे मानवी शरीरास अत्यावश्यक असलेले धातुरूप मूलद्रव्य होय. त्याच्या पूरक गोळ्या घेतल्यास झोप सुधारते व पुरुषाची कामेच्छा वाढते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक देशांत पसरली असून एकविसाव्या शतकात ती महाराष्ट्रातील लहान गावांपर्यंत पोहोचली आहे. समजूत नवी असली, तरी तिच्यामागील अपेक्षा फार प्राचीन आहे. निद्रा व पौरुष ही परस्परांशी निगडित आहेत, हा विचार आयुर्वेदात स्पष्टपणे मांडलेला आढळतो. त्या दोहोंसाठी एखादे द्रव्य पुरेसे व्हावे, ही इच्छा मात्र प्रत्येक काळात निरनिराळ्या वस्तूंवर केंद्रित झाली. प्रस्तुत नोंदीत या विचाराचा इतिहास व गोळ्यांसंबंधीचा पुरावा यांचा आढावा घेतला असून त्यासाठी यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे. या जिल्ह्याच्या भूमीत मॅग्नेशियम विपुल आहे व येथील पारंपरिक अन्नही त्याने समृद्ध होते. तथापि येथील शेतकऱ्याची झोप बिघडविणारी कारणे वेगळीच आहेत.

भूमी व अन्न : विदर्भाच्या दक्षिण भागातील हा जिल्हा ब्रिटिश अमदानीत १८६४ मध्ये स्वतंत्र करण्यात आला. त्यास पूर्वी वणी (वून) जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये पुसद व दारव्हा हे तालुके जोडले गेल्यावर त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. जिल्ह्याचा बराचसा भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकातील पायरोक्सीन व ऑलिव्हीन या खनिजांत मॅग्नेशियम असते आणि खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या, कसदार मातीत ते उतरते. पूर्वेकडील वणी, मारेगाव व झरी-जामणी या तालुक्यांत पैनगंगा गटाचे चुनखडक आहेत. त्याच पट्ट्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटांनी बनलेला डोलोमाइटही आढळतो.

मातीतील मॅग्नेशियम माणसाच्या शरीरात थेट येत नाही. ते अन्नाच्या मार्गाने येते. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमाचा एक अणू असतो. त्यामुळे पालेभाज्यांत ते असतेच. कोंड्यासह खाल्ली जाणारी धान्ये, डाळी व तेलबिया हे त्याचे इतर प्रमुख साठे होत. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, तीळ व जवसाची चटणी हा वऱ्हाडातील शेतकऱ्याचा व शेतमजुराचा जुना आहार होय. कोलाम, गोंड व आंध या आदिवासी जमातींच्या आहारात त्यास रानभाज्यांची जोड असे. शंभर ग्रॅम ज्वारीत सु. १३० ते १६५ मिग्रॅ. मॅग्नेशियम असते, तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ते २० ते २५ मिग्रॅ. एवढेच उरते. प्रौढ पुरुषाची दैनिक गरज सु. ४०० मिग्रॅ. धरली जाते. कष्टकरी माणसाने दिवसाकाठी ४०० ग्रॅम ज्वारी खाल्ली, तर त्यास केवळ धान्यातून ५०० मिग्रॅ.हून अधिक मॅग्नेशियम मिळते. तेवढ्याच तांदळातून ते शंभर मिग्रॅ.च्या आतच राहते. ज्वारीतील फायटेटांमुळे काही भाग शोषला जात नाही, हे लक्षात घेतले तरी अंतर मोठे राहते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आहारात बदल झाला. कापसाबरोबर सोयाबीन हे नगदी पीक प्रस्थापित झाले, ज्वारीचे क्षेत्र घटत गेले आणि शिधावाटप दुकानांतून मिळणारे गहू व तांदूळ यांनी भाकरीची जागा पुष्कळ अंशी घेतली. सोयाबीन हे स्वतः मॅग्नेशियमयुक्त असले, तरी ते शेतकऱ्याच्या ताटात न येता तेल गिरणीकडे जाते. ज्या घटकासाठी गोळी विकत घेतली जाते, तो घटक शेतात पिकणाऱ्या धान्यात होता, ही गोष्ट या बदलात दृष्टीआड झाली.

प्राचीन विचार : वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग होय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, तर दुसरा वाजीकरणाचा आहे. दूध, तूप, उडीद इ. पदार्थांपासून केलेले अनेक योग त्यात दिलेले आहेत. परंतु याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातील विवेचन अधिक महत्त्वाचे आहे. तेथे आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले असून सुख व दुःख, पुष्टी व कृशता, बल व दुर्बलता यांप्रमाणेच पौरुष व क्लैब्य हीदेखील निद्रेवर अवलंबून असतात, असे प्रतिपादन केले आहे. निद्रानाशावर सांगितलेले उपाय तैलाभ्यंग, स्नान, दूध, मनास प्रिय वाटणाऱ्या गोष्टी व सुखकर शय्या असे आहेत. झोप ही पौरुषाची अट आहे व झोपेची अट स्वस्थ शरीर आणि निश्चिंत मन ही आहे, असा हा क्रम आहे. उत्तरकालीन व्यवहारात हा क्रम विसरला जाऊन केवळ औषधी योगांची यादी उरली.

मॅग्नेशियमाचा शोध व औषधी उपयोग : इंग्लंडमधील एप्सम या गावी १६१८ च्या दुष्काळी उन्हाळ्यात एका शेतकऱ्याची गुरे विशिष्ट झऱ्याचे कडू पाणी पिईनात व त्यावरून त्या पाण्याचे रेचक गुण लक्षात आले, अशी कथा सांगितली जाते. त्या पाण्यातील लवण म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट होय. जोसेफ ब्लॅक यांनी १७५५ च्या सुमारास मॅग्नेशिया हे चुन्याहून भिन्न द्रव्य असल्याचे दाखविले व सर हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विद्युत् विच्छेदनाने हा धातू अलग केला. मॅग्नेशियमविरहित आहार दिलेल्या उंदरांत प्रक्षुब्धता व झटके उद्भवतात, हे मॅकॉलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९३१–३२ मध्ये सिद्ध केले. तेव्हापासून त्याची गणना अत्यावश्यक पोषक घटकांत होऊ लागली. प्रौढ माणसाच्या शरीरात सु. २५ ग्रॅ. मॅग्नेशियम असते. त्यापैकी निम्म्याहून अधिक हाडांत असून रक्तरसात एक टक्क्याहूनही कमी असते. त्यामुळे रक्ततपासणीवरून शरीरातील एकूण साठ्याचा अंदाज बांधणे कठीण जाते. तीनशेहून अधिक एंझाइमांच्या कार्यास ते लागते.

मॅग्नेशियम झोप आणते, या समजुतीचे मूळ १९०५ च्या सुमारास मेल्टझर व आउअर यांनी न्यूयॉर्क येथे केलेल्या प्रयोगांपर्यंत मागे नेता येते. मॅग्नेशियम लवण टोचल्यावर प्राणी निश्चल व संवेदनाहीन होतात, असे त्यांना आढळले व शस्त्रक्रियेसाठी या लवणाचा उपयोग करून पाहण्यात आला. ही निश्चलता मुख्यतः स्नायूंचे चलनवलन थांबल्यामुळे येते, ती खरी निद्रा नव्हे, असे पुढे दिसून आले. त्याच गुणधर्माचा सार्थ उपयोग प्रसूतिशास्त्रात झाला. गर्भिणीस येणारे घातक झटके टाळण्यास मॅग्नेशियम सल्फेटाचे इंजेक्शन परिणामकारक असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने निश्चित केले. सोलापूर येथील डॉक्टरांनी भारतीय स्त्रियांचे कमी वजन ध्यानात घेऊन अल्प मात्रेची पद्धतही वापरली. तंत्रिका कोशिकांमधील एका उद्दीपक ग्राहकाचे द्वार मॅग्नेशियमामुळे बंद राहते, हे १९८४ मध्ये प्रकाशात आले. झोपेसाठी गोळी घ्यावी, या सल्ल्यास शास्त्रीय आधार म्हणून पुष्कळदा याच शोधाचा दाखला दिला जातो. तथापि शिरेवाटे दिलेली मोठी मात्रा व तोंडावाटे घेतलेली लहान गोळी यांचे परिणाम सारखे मानता येत नाहीत. कारण मूत्रपिंडे रक्तातील जादा मॅग्नेशियम सत्वर बाहेर टाकतात.

जाहिरातींचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतीय वृत्तपत्रांत धातुपौष्टिक औषधांच्या जाहिराती मोठ्या प्रमाणात येऊ लागल्या. वीर्यनाश म्हणजे शक्तिनाश, ही भीती त्यांच्या मुळाशी होती. महाराष्ट्रात या भीतीवर बुद्धिवादी दृष्टीने आघात करण्याचे कार्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. समाजस्वास्थ्य (१९२७–५३) हे मासिक व आधुनिक कामशास्त्र (१९३४) हा ग्रंथ यांतून त्यांनी कामविषयक प्रश्नांची शास्त्रीय माहिती दिली. त्यापायी त्यांना न्यायालयात खटल्यांना तोंड द्यावे लागले व १९३४ मधील खटल्यात बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. वीर्यनाशाच्या चिंतेतून उद्भवणारा थकवा, निद्रानाश व नैराश्य यांचे वर्णन करताना मनोविकारतज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात’ लक्षणसमूह ही संज्ञा वापरली. अशा रुग्णास औषधापेक्षा योग्य माहितीची गरज अधिक असते.

कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरात हमदर्द दवाखाना खटल्यात या अधिनियमातील काही तरतुदी रद्द ठरविल्या. मात्र अशा जाहिरातींवरील नियंत्रणाचे तत्त्व मान्य केले. पुढे पूरक आहारद्रव्ये हा वेगळा वर्ग निर्माण झाला. ती औषधे नसून अन्न मानली जातात व २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाखाली येतात. मॅग्नेशियमाच्या बहुसंख्य गोळ्या याच वर्गात मोडतात. त्यांना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, परंतु ‘शांत झोप’, ‘जोम’ यांसारख्या संदिग्ध शब्दांना वाव मिळतो.

गोळ्यांच्या आधी विदर्भात हेच स्थान सफेद मुसळीस लाभले होते. हिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम असे असून मुंबईतील सेंट झेवियर महाविद्यालयाशी संबंधित वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५० नंतरच्या दशकात तिचे वर्णन केले. जातिवाचक नाव बोरिवलीवरून घेतलेले आहे. मध्य भारतातील पानझडी अरण्यांत ती पावसाळ्यात उगवते. मुळांना वाजीकर म्हणून मोठी मागणी आल्याने रानातून तिची उपटणी वाढली व ती दुर्मिळ होऊ लागली. अकोला व अमरावती जिल्ह्यांत, विशेषतः अकोट व अंजनगाव सुर्जी भागांत, तिची शेतीही केली जाते. तिच्यावरील अनुकूल प्रयोग बव्हंशी उंदरांवरील असून माणसांतील पुरावा अल्प आहे.

निद्राविषयक प्रयोग : मॅग्नेशियमाच्या गोळ्यांचा झोपेवरील परिणाम तपासणारे प्रयोग संख्येने थोडे व आकाराने लहान आहेत. इराणमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निद्रानाश असलेल्या ४६ वृद्धांपैकी निम्म्यांना आठ आठवडे दररोज ५०० मिग्रॅ. मॅग्नेशियम व उरलेल्यांना निरौषधी गोळी देण्यात आली. मॅग्नेशियम घेणाऱ्यांत निद्रानाशाची तीव्रता कमी झाल्याचे आढळले. अशा तीन प्रयोगांतील एकूण १५१ वृद्धांच्या माहितीचा आढावा २०२१ मध्ये घेण्यात आला. त्यानुसार अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ सरासरी सु. १७ मिनिटांनी घटला; झोपेच्या एकूण अवधीतील वाढ मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित ठरली नाही. आढावा घेणाऱ्यांनी स्वतःच हा पुरावा हलक्या दर्जाचा मानला आहे. तरुण, निरोगी व पुरेसे मॅग्नेशियम मिळणाऱ्या पुरुषास गोळीने अधिक झोप येते, असा निष्कर्ष यांतून काढता येत नाही.

कामेच्छाविषयक प्रयोग : कामेच्छेवर मॅग्नेशियमाचा प्रत्यक्ष परिणाम मोजणाऱ्या भरवशाच्या चाचण्या उपलब्ध नाहीत. सर्व युक्तिवाद टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनाच्या मार्गाने केला जातो. इटलीमध्ये ६५ वर्षांवरील ३९९ पुरुषांच्या पाहणीत (२०११) रक्तातील मॅग्नेशियम ज्यांचे अधिक, त्यांचे टेस्टोस्टेरोनही अधिक, असा संबंध दिसला. परंतु सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. चांगले आरोग्य हे दोहोंचे समान कारण असू शकते. तुर्कस्तानातील एका प्रयोगात (२०११) चार आठवडे मॅग्नेशियम घेतलेल्यांत हे हॉर्मोन वाढल्याचे आढळले व व्यायाम करणाऱ्यांत ती वाढ अधिक होती. मात्र प्रत्येक गटात केवळ दहा व्यक्ती होत्या.

जस्त व मॅग्नेशियम यांच्या मिश्रणाचा इतिहास या बाबतीत उद्‌बोधक आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात फुटबॉल खेळाडूंमध्ये या मिश्रणाने टेस्टोस्टेरोन बरेच वाढल्याचे म्हटले होते. लेखाचे एक सहलेखक व्हिक्टर कॉन्टे हे ते मिश्रण विकणाऱ्या व्यवसायाचे प्रवर्तक होते. खेळाडूंना निषिद्ध उत्तेजके पुरविल्याच्या प्रकरणात त्यांना २००५ मध्ये शिक्षा झाली. नंतर २००४ मध्ये ४२ व्यायामपटूंवर आणि २००९ मध्ये जर्मनीत करण्यात आलेल्या प्रयोगांत या मिश्रणाने टेस्टोस्टेरोन वाढल्याचे आढळले नाही. जाहिरातीत मात्र पहिल्याच लेखाचा प्रभाव टिकून राहिला.

याउलट, झोप व टेस्टोस्टेरोन यांचा संबंध अधिक स्पष्ट आहे. शिकागो येथे दहा निरोगी तरुणांना एक आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले असता त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरोन १० ते १५ टक्क्यांनी घटले (२०११). प्रयोग लहान असला, तरी त्याची दिशा चरकसंहितेतील विवेचनाशी जुळणारी आहे. पौरुषासाठी गोळी शोधण्याआधी झोप कशामुळे गेली, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

जिल्ह्यातील निद्रेची स्थिती : यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या जागरणाची कारणे शोधण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. रानडुकरे व रोही यांपासून पीक राखण्यासाठी मचाणावर रात्र काढावी लागते. यास जागल म्हणतात. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या परिसरात, तसेच सागाच्या जंगलालगतच्या गावांत ही जागल पेरणीपासून सुगीपर्यंत चालते. कृषिपंपांना आळीपाळीने रात्री वीज मिळत असल्याने रब्बी हंगामात ओलितासाठीही जागावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. तिच्यामागील मागणी जेवढी ओलिताची, तेवढीच झोपेचीही होती.

दुसरे कारण मद्य होय. मद्यामुळे मूत्रावाटे मॅग्नेशियम अधिक बाहेर जाते, झोप तुटक होते व कालांतराने कामशक्तीही क्षीण होते. एकाच कारणाने तिन्ही हानी होत असता केवळ मॅग्नेशियमाची भर घालणे व्यर्थ ठरते. जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीसाठी वेळोवेळी केलेल्या आंदोलनांकडे या दृष्टीनेही पाहता येते.

तिसरे व सर्वांत गंभीर कारण मानसिक आहे. कर्ज, नापिकी व भावातील घसरण यांमुळे झालेल्या शेतकरी आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर गेले व २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या मदतयोजनेत यवतमाळचा समावेश झाला. झोप न लागणे व कामेच्छा नाहीशी होणे ही नैराश्याची ठळक लक्षणे होत. पुरुष आपले दुःख सहसा बोलून दाखवीत नाही. मात्र ‘झोप नाही, शक्ती नाही’ असे म्हणून तो औषधाच्या दुकानात गोळी मागू शकतो. अशा वेळी गोळी देऊन त्यास परत पाठविल्यास खरा विकार झाकलेलाच राहतो. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात या जिल्ह्याचा अंतर्भाव करण्यात आला. मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांची पहिली खूणही पुष्कळदा कामशक्तीच्या ऱ्हासातूनच दिसते. म्हणून तपासणी टाळणे धोक्याचे असते.

मात्रा व धोके : अनियंत्रित मधुमेह, दीर्घकालीन अतिसार, मद्यासक्ती, मूत्रल औषधे व आम्लपित्तावरील काही औषधांचे दीर्घ सेवन यांमुळे मॅग्नेशियमाची खरी न्यूनता उद्भवते. स्नायूंत पेटके येणे, थकवा, कंप व हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता ही तिची लक्षणे होत. अशा रुग्णास वैद्यकीय सल्ल्याने दिलेले मॅग्नेशियम निश्चित उपकारक असते. अन्नातील मॅग्नेशियमाने निरोगी माणसास अपाय होत नाही. मात्र गोळ्यांतून घ्यावयाच्या मॅग्नेशियमाची वरची मर्यादा अमेरिकेतील तज्ञमंडळाने १९९७ मध्ये दररोज ३५० मिग्रॅ. ठरविली. त्याहून अधिक मात्रेने जुलाब होण्याचा संभव असतो. मॅग्नेशियम ऑक्साइड हे स्वस्त असले, तरी त्याचे शोषण अल्प होते. सायट्रेट हे तुलनेने चांगले शोषले जाते. काही प्रतिजैविकांचे शोषण मॅग्नेशियमामुळे घटते. मूत्रपिंडे निकामी होत असलेल्या रुग्णाच्या रक्तात ते साचून रक्तदाब उतरणे, श्वसन मंदावणे व हृदयक्रिया बिघडणे असे प्राणघातक परिणाम होऊ शकतात. म्हणून अशा रुग्णाने ते वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

समारोप : आजवरच्या पुराव्यावरून असे म्हणता येईल, की मॅग्नेशियमाची न्यूनता असलेल्या व्यक्तीस त्याच्या पूर्ततेने लाभ होतो, निद्रानाश असलेल्या काही वृद्धांस थोडा आराम पडण्याचा संभव आहे आणि निरोगी पुरुषाची कामेच्छा त्याने वाढते, यास आधार नाही. वाजीकर योग, धातुपौष्टिक औषधे, सफेद मुसळी व मॅग्नेशियमाची गोळी ही एकाच अपेक्षेची क्रमाने आलेली रूपे होत. ज्वारीची भाकरी व डाळ-भाजी यांतून हा घटक अल्प खर्चात मिळू शकतो. रात्रीची झोप मात्र दुकानात मिळत नाही. तीसाठी दिवसाची वीज, पिकाचे संरक्षण, मद्यापासून मुक्तता व मनावरील ओझे उतरविणारी माणसे यांची आवश्यकता असते.